माफीसाठी डब्यांची रांग

पेणच्या पापड गल्लीतला कट आपण रविवारच्या आत मोडून दाखवू, असं किमयाने गुरुवारी सकाळी दात घासता घासता जाहीर केलं. तोंडात पेस्ट असल्यामुळे आईला शब्द कळले नाहीत, पण आवेश कळला. आवेश नवीनच होता. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानाही किमयाचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा निघायचा. मग रोह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत 'स्पर्धा कायदा आणि ग्राहक' या विषयावर ती सात मिनिटं बोलली, दुसरी आली, आणि तेव्हापासून गप्प बसायचंच विसरली! विषय तिने निवडलेला नव्हता, चिठ्ठीत निघाला होता. पण हे आता ती कोणाला सांगत नसे.

कट काय होता ते सांगते. गल्लीत पोह्याचे पापड करून आपापल्या ओट्यावर विकणाऱ्या सात बायका. सातही ओट्यांवर भाव एकच, आणि तो ठरवायच्या गोदूकाकी. दिवाळीनंतर त्यांनी भाव तोच ठेवून पापड बोटभर लहान केला, तर दुसऱ्या दिवशी सातही ओट्यांवरचे पापड पहिल्या धुण्यात आटलेल्या झबल्यासारखे दिसायला लागले. गिऱ्हाईक एका ओट्यावरून रुसून दुसऱ्यावर जायचं, तिथेही तोच भाव, तोच चिमुकला पापड आणि महागाईवर तेच प्रवचन. शेवटी बिचारं पहिल्याच ओट्यावर परत यायचं.

सातांपैकी एक ओटा किमयाची आई रंभा हिचा होता. हा भाग भाषणात नव्हता.

अशा गल्लीत दिपिकावहिनीने आठवा ओटा मांडला. ती रोह्याजवळच्या वरश्याची, लग्न होऊन इथे आलेली. नवऱ्याची कंपनीतली नोकरी गेली, तेव्हा तिने दाराशी पाटी लावली. तिचा पापड थाळीएवढा आणि भाव सगळ्यांपेक्षा कमी! गोदूकाकींनी पंधरा दिवस बघून घेतलं. मग गिरणीवाल्या पुंडलिककाकांना गाठून सांगितलं, की तिचे पोहे दळलेस तर आमच्या सातजणींचे डबे दुसऱ्या गिरणीत जातील.

त्या दिवसापासून गिरणीची मोटर दिपिकावहिनीचा डबा ओळखायला लागली. इतरांचा डबा आला की घरघर, तिचा आला की एकदम समाधी. पुंडलिककाका खेदाने मान हलवायचे, "मोटर बिघडली हाय गो."

आणि रविवारी वहिनीला वीस किलो पापड रोह्याच्या एका दुकानदाराला पोचवायचे होते. पहिलीच मोठी ऑर्डर. ती हुकली तर पाटी उतरवायची आणि बिऱ्हाड घेऊन वरश्याला माहेरी जायचं, असं ती ठरवून बसली होती. किमयाने तिला धीर दिला, की कायदा आपल्या बाजूने आहे.

"कायदा पोहे दळतो का गो?" वहिनी म्हणाली.

संगनमताने भाव ठरवणाऱ्यांना दंड करणाऱ्या दिल्लीच्या स्पर्धा आयोगाला किमयाने अर्ज लिहायला घेतला. मग कळलं, की अर्जाबरोबर फी भरावी लागते, मग तपास होतो, मग सुनावण्या होतात. म्हणजे निकाल लागेपर्यंत वहिनीचे पोहे भिजून, सुकून, परत भात व्हायला निघाले असते. पण किमया हरणारी नव्हती. भाषणात सगळ्यात जास्त टाळ्या ज्या कलमाला पडल्या, ते तिला आठवलं. गुपचूप भाव ठरवणाऱ्या टोळीतला जो पहिला आयोगाकडे जाऊन खरं सांगतो, त्याचा सगळा दंड माफ होऊ शकतो. दुसऱ्याला अर्ध्यापर्यंत सूट, तिसऱ्याला त्याहून कमी. बाकीच्यांनी भरत बसायचं.

तिने मोठं खाकी पाकीट घेतलं, त्यावर 'भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली' असं लिहिलं आणि ते दिसेल असं काखेत मारून हौसाकाकींच्या ओट्यावर गेली. हौसाकाकींना गोष्ट सांगितली की गल्लीत दवंडी पिटावी लागत नाही. किमयाने आवाज खाली घेऊन कलम सांगितलं आणि शपथ घातली, की हे फक्त तुम्हालाच सांगतेय.

"म्हंजे पूर्ण माफी किती जणींना?" हौसाकाकींनी विचारलं.

"एकीलाच. जी पहिली कबूल करेल तिला."

"आन् बाकीच्या?"

किमयाने नुसता उसासा टाकला. हा उसासाही वक्तृत्वातलाच.

शुक्रवारी सकाळी तिने दार उघडलं, तर उंबऱ्यापासून नळापर्यंत डबे! पत्र्याचे, स्टीलचे, एक तेलाचा जुना. तुम्ही पेणच्या गिरणीत गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल, तिथे माणूस रांगेत उभा राहत नाही. डबा ठेवायचा आणि घरी जाऊन चहा प्यायचा. डबा म्हणजेच माणूस. तर गल्लीतल्या बायकांनी गुन्हा कबूल करायला डबे लावले होते. पहिला हौसाकाकींचा. दुसरा गोदूकाकींचा, त्यावर लाल रंगात नाव. आणि उंबऱ्याच्या आत, पायपुसण्यावर, रंभाचा.

"आई, तूसुद्धा?"

"घरच्या माणसाला नंबर लावावा लागतो का?" रंभा म्हणाली.

त्यावरून भांडण पेटलं. हौसाकाकींचं म्हणणं, घरातला डबा धरायचा नाही. गोदूकाकींचं म्हणणं, त्यांचा डबा पहिला होता, कोणीतरी सरकवला. किमया ओरडून सांगत होती, की मी आयोग नाही, इथे कबूल करून काही उपयोग नाही. कोणी ऐकलं नाही. तिच्या हातात शाळेची वही कोंबली आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. भाव गोदूने ठरवला. पापड लहान करायची युक्ती हौसाची, मापाची वाटीसुद्धा तिनेच आणली. गिरणीवाल्याला दम द्यायला रंभा बरोबर होती. एकीने तर शेजारणीचं पोळपाट तीन वर्षं दाबून ठेवल्याचंही कबूल करून टाकलं! ते कुठल्या कलमात बसतं, हे किमयाला आठवेना.

तेवढ्यात पुंडलिककाका धापा टाकत आले. त्यांच्याकडे स्वतःचा असा डबा नव्हताच, म्हणून त्यांनी मोटरीचा पट्टा काढून रांगेत ठेवला.

"मोटर कधीच बिघडली नव्हती," ते म्हणाले. "लिवून घे बाय."

आता मात्र मोटर खरोखरच चालेना, कारण पट्टा किमयाच्या दारात होता. तोवर गल्लीत कोणाचंच मूठभर पीठ झालं नव्हतं. आणि हा गोंधळ ऐकून दिपिकावहिनी येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

किमयाची छाती फुगली. कट मोडला होता, दोन दिवस राखून! आता वहिनी बोलेल, सातजणी माफी मागतील, गिऱ्हाईक सुखी होईल. मनातल्या मनात तिने पहिल्या नंबरची ढालसुद्धा स्वीकारली.

गोदूकाकींनी मात्र शांतपणे विचारलं, "तक्रार कुनाची हाय?"

"दिपिकावहिनीची."

"आन् तिची नसली तर?"

किमया म्हणाली, की आयोग स्वतःहूनही चौकशी करू शकतो. गोदूकाकींनी विचारलं, की दिल्लीला आपला ओटा ठाऊक आहे का. मग त्या पदर खोचून वहिनीसमोर गेल्या.

"काय गो दिपिका, आमच्या भावात आठवी व्हतेस?"

वहिनीने एकदा डब्यांकडे पाहिलं, एकदा पट्ट्याकडे. तिचे डोळे भरून आले.

"व्हय," ती म्हणाली.

अर्ध्या तासात पट्टा मोटरीवर चढला. पहिला डबा वहिनीचा दळला गेला, आणि बाकीचे सगळे डबे मुकाट्याने मागे सरकले. आठ ओट्यांवरची पोळपाटं एका ओट्यावर आली. किमयाची वही पापडखाराचं पाणी उकळायला चुलीत गेली, खाकी पाकीट वारा घालायला. तिचा आ तसाच राहिला होता.

"तोंड मीट आन् लाट," रंभा म्हणाली.

लाटता लाटता किमयाने वहिनीला हळूच विचारलं, की तू तरी कमी भावाने विकशील ना? वहिनीने मापाची वाटी पापडावर दाबली आणि कडेचं पीठ निगुतीने काढून घेतलं.

"बाय, मला नुसते रविवारी रोह्याला पापड पोचवायचे व्हते. गिऱ्हाइकाची तक्रार गिऱ्हाइकानं करावी की."

शनिवारी संध्याकाळी पापड वाळून तयार होते. अर्ध्या अर्ध्या किलोची चाळीस पाकिटं. प्रत्येकावर चिठ्ठी हवी, आणि चांगलं अक्षर गल्लीत एकीचंच. किमयाला पाट दिला, पेन दिलं, वर चहा दिला. आतापर्यंत हिंग लावूनही न विचारणाऱ्या बायका आज तिला 'वकीलबाय' म्हणत होत्या, त्यामुळे तीही रंगात आली. 'पोह्याचे पापड, पापड गल्ली, पेण' असं वळणदार लिहून ती खाली गोदूकाकी सांगतील तो भाव टाकत होती. एकोणतिसाव्या चिठ्ठीवर तिचं पेन थांबलं. इतकी वर्षं हा भाव नुसता या कानातून त्या कानात गेला होता. गल्लीत त्याचा कागदाचा कपटा नव्हता. आता एकोणतीस होते, आणि सगळे एकाच हस्ताक्षरात.

"थांबलीस का गो?" गोदूकाकींनी वाकून पाहिलं. "अक्षर बाकी सुरेख हाय तुझं. कुनीबी वळखील."

उरलेल्या अकरा चिठ्ठ्या किमयाने डाव्या हाताने लिहिल्या.