टॅबलेटातील भेग दरबारी पडद्यावर चढविल्याची हकिकत

श्री. आदौ गजवदनास नमन, मग शारदेस, आणि मग वीजबाईस, की जिच्या कृपेवाचोन हल्ली कोणतेही राज्य दोन घटका चालत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी एक राज्य होते. त्याचे नाव लिहू नये ऐसी वरून ताकीद आहे, सबब लिहिले नाही. वाचणारास ओळखीचे वाटल्यास तो ज्याचा त्याचा दैवयोग. त्या राज्यात सगुणाबाई पाटसकर म्हणोन जलकारखानीस होत्या. नदी, कालवे, धरणे, सारा पाण्याचा कारभार त्यांजकडे. बाई हुशार, जबानीने करड्या, आणि मानाच्या भुकेल्या. येत्या दसऱ्यास भर दरबारी शालजोडी मिळणार ऐसे वर्तमान त्यांचे कानी आले होते, आणि ती शाल कोणत्या लुगड्यावर खुलेल याचाही विचार मनात होवोन चुकला होता. ऐशा बाई एके सकाळी निंबसावळीचे मातीचे धरण पाहावयास गेल्या, तो भिंतीस भेग पडलेली. बाईंनी भेगेत हात घातला, तो मनगटापावेतो आत गेला आणि ओला होवोन बाहेर आला. मग त्यांनी सरकारातून मिळालेला टॅबलेट काढोन भेगेच्या छब्या घेतल्या, आत हात घालोनही एक घेतली, आणि धरणाखाली चुली पेटलेल्या निंबसावळीकडे एकवार पाहोन जीप राजधानीकडे पिटाळली. कारण की गाव उठविण्याचा हुकूम महाराजांवाचोन कोणी देऊ नये ऐसा शिरस्ता, आणि गेल्याच महिन्यात महाराजांनी दवंडी पिटविली होती की धरण अभंग आहे, जो भंग म्हणेल तो राज्याचा वैरी.

दरबारी आल्या तो दिवाण धुंडिराजपंत पुढे जाहले. पंतांपाशी संगणकाचा अधिकार. दरबारात नवा थोरला पडदा बसविल्यापासोन नियम ऐसा की जे संगणकातून पडद्यावर दिसेल तेच घडले, बाकी सर्व अफवा. बाईंनी टॅबलेट पुढे धरला आणि म्हणाल्या, "पंत, हे पाहा, येथेच दिसते आहे. धरण फुटते आहे." पंतांनी तत्काळ दोन्ही डोळ्यांवर हात ठेविले. म्हणाले, "बाई, आम्ही पाहिले म्हणजे दरबाराने पाहिले ऐसे होईल. आधी संगणकात उतरवा, मग पडद्यावर चढवा, मग आम्ही दचकू." मग टॅबलेट संगणकास जोडावयाची मसलत जाहली. जोडावयास वायर पाहिजे, आणि वायरीचा अधिकार तारनवीस गुलाबराव यांजकडे. गुलाबराव जेवत होते. जेवण उरकोन, विडा लावोन, मखमलीच्या पिशवीत वायर घेवोन आले आणि मोठ्या अदबीने एक टोक संगणकात, एक टोक टॅबलेटात घातले. उलटे बसले, सुलटे केले. आणि टॅबलेटावर विजेचे चिन्ह उमटले. दरबारात "वाहवा" जाहली. परंतु संगणकात काही उतरेना. बाई म्हणाल्या, "गुलाबराव, ही वायर नुसती चार्जिंगची. हिच्यातून फाइल जात नाही." गुलाबराव फणकारले, "वायरीस नावे ठेवू नका. पाहा, टॅबलेटाचे पोट कैसे भरते आहे!" पंतांनीही मान डोलविली. खाणे सर्व पोहोचवावे आणि निरोप एक पोहोचवू नये, हा गुण त्या दरबारात फार जुना, आणि गुलाबराव त्याच गुणावर चढले होते, तेव्हा वायरीचा दोष त्यांस कैसा दिसावा? मग बाईंनी आपल्या जीपमधोन आपली वायर आणविली. खाजगी वायर सरकारी संगणकास लावावी की न लावावी यावर बाई आणि गुलाबराव यांत हमरीतुमरी जाहली, आणि अखेर पंत म्हणाले, "लावा, पण आम्ही पाठ फिरवितो."

वायर लागली आणि टॅबलेटावर अक्षरे उमटली : या संगणकावर विश्वास ठेवायचा का? खाली दोन पर्याय, होय आणि नाही. पंतांनी पाठ फिरविली होती ती वळविली आणि लाल जाहले. "आमच्या संगणकावर अविश्वास? हा टॅबलेट शत्रूने पाठविला काय?" बाई म्हणाल्या, "अहो, सगळ्यांनाच विचारतो तो. होय म्हणायचे आणि पुढे जायचे." आणि बोट पुढे केले. तैसे पंत हलकेच म्हणाले, "दाबा की. मात्र उद्या संगणकात काही विष भिनले, तर दाबणार तुम्ही. दसरा जवळ आहे, म्हणोन आपलेपणाने सांगितले." बाईंचे बोट अधांतरी राहिले. नजरेपुढे शाल आली. आणि बोट मागे आले. हे कोणी पाहिले नाही, पंतांनी मात्र पाहिले आणि मिशीत हसले. मग प्रश्न महाराजांपुढे नेला. स्वारी वामकुक्षीतून उठली, टॅबलेट न्याहाळला आणि बोलली, "विश्वास? आम्ही कोणावरच ठेवीत नाही, म्हणोन गादी टिकली. विचार करू." आणि स्वारी पुन्हा कलती जाहली. दिवस ढळत चालला. बाई टॅबलेट मांडीवर घेवोन बसल्या, तो विझे आणि त्या पुन्हा उजळवीत. इतक्यात निंबसावळीचे मल्हारी पाटील यांचा फोन आला. "बाई, सकाळपासनं भिंतीतनं पाणी पाझरतंय, ते आता गढूळ यायला लागलंय. काय करू म्हणता?" इतके होवोन फोन तुटला, तो पुन्हा लागेना. मातीच्या धरणातून गढूळ पाणी आले म्हणजे भिंतीच्या पोटातली माती वाहत चालली, हे बाईंस ठाऊक होते. त्या उठल्या, कोणास न विचारता होय दाबले, आणि छब्या संगणकात उतरू लागल्या. पडद्यावर एक हिरवी रेघ हळूहळू सरकू लागली. क्षणात म्हणे अर्धी घटका शिल्लक, क्षणात म्हणे दोन प्रहर. बाई म्हणाल्या, "पंत, महाराजांना उठवा." पंत म्हणाले, "रेघ पुरी होवो. अर्धवट दृश्य हुजुरास दाखविणे बेअदबी आहे." मग बाईंनी रेघेकडे पाहिले, पंतांकडे पाहिले, आणि खस्सकन वायर उपटली. दरबारात हाहाकार जाहला. "सुरक्षित वेगळे न करता उपटली!" गुलाबराव किंचाळले. बाई टॅबलेट पदराआड घेवोन जीपमध्ये बसल्या देखील.

निंबसावळीस पोहोचल्या तो पारावर गाव जमलेला. बाई ओरडल्या, "उठा, माळावर चला, धरण जातंय!" कोणी उठेना. एकजण म्हणाला, "दवंडी तर उलटीच पिटलीया. आन् सरकारी माणसाचं कंचं खरं धरायचं?" तेव्हा बाईंनी टॅबलेट उंच धरला आणि ती छबी दाखविली, मनगटापावेतो भिंतीत शिरलेला हात. पाटलाची सून सखू पुढे आली, वाकोन पाहिले आणि विचारिले, "ह्यो हात तुमचाच का, बाई?" "माझाच." "कवाचा?" "सकाळचा." सखूने बाईंच्या डोळ्यात पाहिले. "सकाळचा, आन् आत्ता आलासा?" सखूने मूल काखेस मारिले, म्हातारीचा हात धरिला आणि चालू लागली, आणि तिच्या मागे गाव चालू लागला. दिवस मावळायच्या आत भिंत गेली. आवाज ऐसा जाहला की माळावरली गुरे गुडघ्यांवर बसली. घरे गेली, देऊळ गेले, पार गेला. माणसे वाचली; एक पाटलाचा धाकटा भाऊ रायबा तेवढा नाही. तो बैल सोडावयास मागे फिरला. बैल पोहोन आले. बाईंनी रात्र माळावर काढिली, आणि रायबाची बायको रडत होती तिच्या जवळ जावे ऐसे वाटोनही गेल्या नाहीत.

इकडे दरबारी दुसरे दिवशी महाराजांनी संगणक उघडविला. वायर उपटण्यापूर्वी ज्या चार-दोन छब्या उतरल्या होत्या त्या पडद्यावर चढल्या. महाराज संतोषले आणि बोलले, "रंग काय उत्तम आले आहेत!" मग धुंडिराजपंतांस, टॅबलेट संगणकास जोडण्याची मोहीम फत्ते केली म्हणोन, शालजोडी जाहली, गुलाबरावांस नवी वायर आणि तिजसाठी नवी मखमल. आणि सगुणाबाईंस हुजूर बोलाविले. पंतांनी शाल सावरीत विचारिले, "काम चालू असता, हुकुमावाचोन, वायर का उपटली?" बाई म्हणाल्या, "इतक्या उशिरा का उपटली, ते विचारा. त्याची शिक्षा मला द्या." हा गुन्हा दरबारच्या कायद्यात कोठेच नव्हता, सबब त्याची शिक्षाही निघाली नाही; पहिल्या गुन्ह्याबद्दल कारखानिशी मात्र काढोन घेतली.

येणेप्रमाणे जाहले ते लिहिले. धरण गेले, गाव उरला, रायबा गेला, पडदा शाबूत आहे. नव्या धरणाचा पाया घातला असे, आणि ते अभंग असल्याची दवंडी आगाऊच पिटविली आहे. बहुत काय लिहिणे, खाली राहणारांनी समजोन असावे.