शालूवहिनींचं जेवण

दामूभाऊंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांच्याबद्दल लिहिलं की माझं वागणंही लिहावं लागतं.

रोह्याला अष्टमी भागात आमची घरं भिंतीला भिंत लागून. अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर त्यांच्या बायकोला, शालूवहिनींना, तोंडानं काही खाता येत नसे. पोटातून थेट आतड्यात नळी बसवलेली. ‘वहिनी काहीच खात नाहीत ना?’ असं कुणी हळहळून विचारलं, की दामूभाऊ त्याला रस्त्यातच थांबवीत. “एंटरल म्हनतात त्याला. सलाईन शिरेतून जातं, ते वेगळं. एंटरल म्हंजे आतड्यातून. आतडं पचवतं. म्हंजे जेवनच हाय ते.” पेणच्या एसटीच्या कंडक्टरलाही हे पाठ झालं होतं.

पातळ आहाराची पिशवी ते छत्रीच्या खुंटीला टांगीत, वहिनींना उशांना टेकवून बसवीत आणि समोर स्वतःचं ताट घेत. थेंब थेंब जाणारं वहिनींचं जेवण दोन तास चाले, म्हणून हे एक भाकरी दोन तास पुरवीत. शेवटी पिचकारीनं नळीत पाणी सोडलं, की गल्लीला कळवीत, “आचवली ही.”

वहिनी हसत. “माज्यापेक्षा यांचंच पथ्य कडक हाय, भाऊजी.”

आमच्या नातीचं बारसं होतं. मी सगळ्या गल्लीला जेवायला बोलावलं. दामूभाऊंना मात्र म्हणालो, तुम्ही एकटेच या, वहिनींना उगाच पंगतीत कशाला बसवायचं. त्यांनी मान हलवली. आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी शिवलेलं झबलं घेऊन आले. का आला नाहीत, असं मी विचारलं.

“एकट्याला बोलावलंस, ते तिला सांगितलंच नाय,” ते म्हणाले. “सकाळधरनं हिरवी साडी नेसून बसलेली. साडेबाराची पिशवी लावू देईना. म्हनली, आज पंगतीतच जेवीन, खुंटी त्यांच्याकडंपन असंल. मग म्हटलं, माजं पोट दुखतंय, नको जाऊया. आता पोट दुखतंय म्हटल्यावर मलापन जेवता येईना.” आणि ते स्वतःच हसले.

त्यानंतर मी दोनदा त्यांच्या दारात गेलो. दोन्ही वेळा दामूभाऊंनी आतून हात केला, जेवतेय ती, थांब. मी थांबलो नाही. तिसऱ्यांदा वहिनींनीच विचारलं, काय हवं होतं भाऊजी? मी शिडी मागितली. घरी माझ्या दोन शिड्या होत्या.

वहिनी गेल्या, दामूभाऊ मुलाकडे पेणला राहायला गेले. शिडी मागितली त्या दिवशी दारात मला म्हणायचं होतं ते एवढंच : वहिनी, माझं चुकलं. तुम्हीपण जेवायला या.