होडीचा चोरदरवाजा उघडिल्याची बखर

श्री जलदेवता प्रसन्न. वाचणाराचे घर कोरडे राहो. डोळे ओले जाहल्यास दोष लिहिणाराचा.

शके एकोणीसशे एकेचाळीस, आषाढमासी खाडीकाठी एक राज्य होते. राज्याचे नाव कोणत्याही कागदी नाही. विस्तार ऐसा की, कौलारू घर एक, अंगणी तुळस एक, माडाखाली ओढून ठेविलेली शिडाची होडी एक, आणि माणसे दोन. पैकी महाराज पोशा नाखवा, वय वर्षे सत्तर, आणि त्यांच्या राणीसाहेब चांगुणाबाई. राजे तेच आणि प्रजाही तीच, म्हणोन राज्यात बंड कधी जाहले नाही. रुसवे मात्र बहुत जाहले.

राज्याची रीत ऐसी की, पाऊसकाळी होडी किनाऱ्यावर घ्यावी, तोंड उंच करून ओंडक्यांवर बैसवावी, वरून झावळ्यांचे विणलेले झाप घालावे, आणि मागल्या बुडाशी जे बोटभर भोक असते त्याचे लाकडी बूच काढून घ्यावे. कारण की समुद्राचे खारे पाणी लाकडाचे सोयरे, परंतु पावसाचे गोडे पाणी पक्के वैरी. ते झापातून ठिबकणारच, आणि तळाशी बैसले म्हणजे फळ्या कुजविणारच. सबब शत्रू किल्ल्यात शिरला तरी त्यास बाहेर जावयास चोरदरवाजा मोकळा असावा, ही महाराजांची युद्धनीती. काढिलेले बूच राणीसाहेबांनी धुवून, हळद लावून देव्हाऱ्यात ठेवावे, आणि नारळी पुनवेस आपल्या हाते परत ठोकावे. ऐसे चाळीस वर्षे चालिले.

त्या साली होडी ओढिली, बूच काढिले, आणि मग पंधरा दिवसांत महाराजांचे पाय लुळे पडले. तालुक्याच्या डॉक्टरांनी येऊन औषध दिले आणि पडून राहावे ऐसी आज्ञा केली. महाराजांनी आयुष्यात पाळिलेली ती पहिलीच आज्ञा. देह खाटेवर आणि चित्त होडीपाशी. पुनवेस शीड भाच्याने धरावे आणि आपण होडीत नुसते बैसावे, एवढीच वासना उरली होती. रोज सकाळी पुसावे की पाणी जाते ना, आणि राणीसाहेबांनी जाते म्हणावे, आणि मग महाराजांनी पेज घ्यावी.

ऐसे असता महाराजांच्या भगिनी धाकूबाई समाचारास आल्या, सुके बोंबील घेऊन आल्या, आणि जाता जाता होडीचे बूड न्याहाळून बोलिल्या, "वैनी, घरधनी आथरुनाला खिललेला, आनि होरीचं भोक उघरं ठेवलंय? मानसाचा जीव त्याच वाटेनं गलतो. माज्या सासऱ्याचा तसाच गेला." इतके बोलून बाई निघोन गेल्या. बोंबील राहिले आणि बोलणेही राहिले. राणीसाहेब शहाण्या. जन्मात अफवेस भीक घातली नव्हती. परंतु भीती काही शहाणपणास पुसून येत नाही. तिसरे प्रहरी त्यांनी देव्हाऱ्यातले बूच घेतले आणि दगडाने ठोकून चोरदरवाजा बंद केला.

मग आठ दिवस पावसाने वेढा दिला. होडीत घोटाभर पाणी उभे राहिले. फळ्या जातील हे राणीसाहेबांस कळत होते, पण बुचाकडे हात जाईना. मग त्यांनी आपणच आपल्याशी मसलत केली, आणि दिवसातून तीन वेळ झापाखाली वाकून शिरावे, डब्याने पाणी उपसावे, जुन्या लुगड्याच्या बोळ्याने तळ पुसावा, ऐसा क्रम धरिला. सकाळी महाराजांनी पुसले की जाते म्हणावे. ते अगदीच खोटे नव्हे. जात होते, बाईच्या कमरेवरून जात होते.

महाराजांस मात्र सर्व ठाऊक होते. भोकातली धार खालच्या दगडावर पडे, तिचा आवाज खाटेपर्यंत येई, आणि तो ज्या दिवशी थांबला त्याच दिवशी त्यांनी ओळखिले. बाईने आपणहून सांगावे म्हणोन धीर धरिला. परंतु अकरावे दिवशी राणीसाहेब होडीतून घसरल्या आणि गुडघा फोडून लंगडत घरात आल्या. मग महाराजांचा धीर संपला. शेजारचे दोघे पाचारिले, खुर्चीत बैसोन, डोईवर छत्री धरवून, स्वारी भर पावसात होडीपाशी दाखल जाहली.

महाराज बोलिले, "बूच कार, चांगुणे."

"नाय कारनार. तुमी गेलाव तं ही होरी मना कशाला?"

"मी काय पानी हाय, गलून जायाला? पन ही कुजली, तं मी हितंच मेलो समज."

राणीसाहेब लंगडत होडीच्या बुडाशी आल्या. मग खाली बैसल्या, डाव्या हाताने महाराजांचे मनगट घट्ट धरिले, उजव्या हाताने बूच हलविले, हलविले आणि उपटिले. काळे पाणी भसकन निघाले. पानांचा चोथा अडकला तो बोटाने काढिला. शेजारी पाण्याकडे पाहात होते. राणीसाहेब पाण्याकडे पाहातच नव्हत्या. त्यांचे सर्व ध्यान बोटांखालच्या नाडीवर. धार बारीक जाहली, मग थेंब जाहले, मग थेंबही थांबले. नाडी चालत होती. महाराज हळूच म्हणाले की, हातास मुंग्या आल्या, आता सोड. राणीसाहेबांनी सोडिला नाही, आणि तेथेच चिखलात बैसोन पोटभर रडल्या.

सारांश, मोहीम अर्ध्या घटकेची. शत्रू निघोन गेला, किल्ला राहिला, राजा राहिला. महाराजांचे मनगटी पाच बोटांचे वळ दोन दिवस होते, ते त्यांनी आल्यागेल्यास बाही सारून दाखविले.