करडाला लावलेला कलप

चित्रातली चूक दहा मिनिटांत पुसता आली असती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला माझी उगाच दया यायला नको. एक चपटा ब्रश, थोडा पांढरा रंग, त्यात नखभर पिवळा, की काम संपलं. पण मी ठरवलं, चित्राला हात लावायचा नाही. एवढाच काय तो निर्णय. बाकी सगळं त्याच्यामागून आपोआप होत गेलं.

मी चित्रकार आहे. म्हणजे सव्वीस वर्षं एका कंपनीत खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांवर खोकणारी माणसं काढली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःला चित्रकार म्हणायला लागलो. गावाबाहेर आमचं छोटंसं शेत आहे. शेत बायकोचं, जनावरंही बायकोची. सात शेळ्या, चौदा कोंबड्या, दोन भांडखोर बदकं आणि एक बहिरं गाढव. चाऱ्याच्या खोलीला मी स्टुडिओ म्हणतो. (जनावरं अजून चाऱ्याची खोलीच समजतात आणि त्याप्रमाणे आत येतात.)

शेळ्यांमध्ये जी म्होरकी, तिला आम्ही हेडबाई म्हणतो. तिच्यासमोर उभं राहिलं की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटतं. यंदा तिचं बाळंतपण अवघड गेलं. बायको चार तास गोठ्यात तिच्याजवळ बसून होती. दोन करडं होती. पहिलं गेलं, दुसरं जगलं. पांढरंशुभ्र, कुठे म्हणून डाग नाही. बायकोनं त्याचं नाव ठेवलं बटण. हेडबाई त्या बटणाला क्षणभर नजरेआड होऊ देत नव्हती. सारखी चाटायची, हुंगायची, पुन्हा चाटायची.

तिसऱ्या दिवशी अंडी न्यायला दातांचे डॉक्टर आले आणि ते बघत अर्धा तास कुंपणाशी उभे राहिले.

"हे मला दवाखान्यात हवंय," ते म्हणाले. "पोरं घाबरून बसलेली असतात हो बाहेर. तुम्ही काढून द्याल? पण जसंच्या तसं हं. मी दिवसभर लोकांना कवळ्या बसवतो. भिंतीवर तरी काहीतरी खरं असू दे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खोकला नसलेलं चित्र माझ्याकडे मागत होतं. मी पाच दिवस जेवणाखाण्याचं भान विसरून काम केलं. हेडबाई छान उतरली. तिची जीभ तर इतकी छान उतरली की मीच मला शाबासकी दिली. पण उजवा खालचा कोपरा काही केल्या जमेना. पांढरी भिंत, तिच्यापुढे पांढरं करडू. दुरून पाहिलं तर हेडबाई भिंत चाटतेय असं वाटायचं. मग मी करडाच्या मागच्या बाजूला, शेपटीच्या अलीकडे, एक तपकिरी डाग टाकला. कोपरा एकदम जिवंत झाला.

संध्याकाळी बायको चहा घेऊन आली आणि चित्रापुढे थांबली.

"हे कुणाचं करडू?"

"कुणाचं म्हणजे? बटण आहे."

"बटणाला डाग कुठंय?"

"कॉम्पोझिशनला लागतो."

"बटणाला लागत नाही. परवा डॉक्टर येणार आहेत, त्यांना जसंच्या तसं हवंय. तेवढं पुसून टाका."

तिनं 'पुसून टाका' हे टेबलावर सांडलेल्या चहाबद्दल म्हणावं तसं म्हटलं, आणि माझ्यातला कलावंत दुखावला. (माझ्यातला कलावंत तसा सहज दुखावतो. त्याला दुसरं काम नसतं.)

दुसऱ्या दिवशी बायको कोंबड्यांचं खाद्य आणायला शहरात गेली. मी चित्रासमोर बसलो. पुसलं तर कोपरा मरतो, नाही पुसलं तर डॉक्टर म्हणणार हे खोटं. बराच वेळ विचार केला आणि मग मला ते सुचलं. चित्र करडासारखं करण्यापेक्षा करडू चित्रासारखं केलं तर?

तैलरंग जनावराला लावू नये एवढी अक्कल मला होती. पण न्हाणीघरातल्या कपाटात मागच्या बाजूला कलपाची एक डबी होती. गडद तपकिरी. माझे केस या वयातही पिकले कसे नाहीत, असं लोक विचारतात तेव्हा मी 'घराण्यातच आहे' असं सांगतो. ही गोष्ट फक्त मला, बायकोला आणि दुकानदाराला माहीत होती. आता तुम्हालाही कळली.

डबीवरच्या सूचना मी नीट वाचल्या. डोळ्यांपासून दूर ठेवा, असं होतं. डाग शेपटीकडे होता, म्हणजे डोळ्यांपासून जितका दूर ठेवता येईल तितका दूर. चाळीस मिनिटं राहू द्या, असं होतं. शेळीच्या नाकाबद्दल मात्र त्यावर एक अक्षर नव्हतं.

बटणाला स्टुडिओत आणलं. हेडबाई दारापर्यंत मागे आली, मी दार लावून घेतलं. ती बाहेर ओरडत राहिली आणि मी आत अंगठा पुढे धरून, एक डोळा मिटून, डागाची लांबीरुंदी मोजत राहिलो. पहिल्या हातात रंग फिका आला, दुसरा हात दिला. मग सुगंधी शाम्पूनं धुतलं, टॉवेलनं पुसलं, वाळेपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. यात पाच तास गेले. शेवटी करडू चित्राशेजारी उभं केलं आणि मला भरून आलं. हुबेहूब! इतक्या वर्षांत माझं एकही चित्र असं हुबेहूब जमलं नव्हतं.

मग मी दार उघडलं.

हेडबाई धावत आली. बटण तिच्या पोटाखाली शिरलं आणि कासेला तोंड लावणार, एवढ्यात तिनं मान वळवून त्याला हुंगलं. नेमकं शेपटीशी. शेळ्या आपलं पोर तिथेच ओळखतात, हे मला त्या दिवशी कळलं. ती थबकली. पुन्हा हुंगलं. मग दोन पावलं मागे सरली आणि तिनं बटणाला अशी ढुशी दिली की ते भिंतीवर जाऊन आदळलं. उठून ते पुन्हा तिच्याकडे गेलं. पुन्हा ढुशी. तिसऱ्यांदा मी मध्ये पडलो आणि ती माझ्या गुडघ्याला बसली. ती मला बसली याचं मला आजही समाधान आहे.

बायको फाटकातून आत आली ती गोणी तिथेच टाकून. हेडबाईचं ओरडणं तिनं रस्त्यावरूनच ऐकलं होतं. तिनं बटणाला उचललं, हुंगलं. मग माझ्याजवळ आली आणि माझं डोकं हुंगलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या डोक्याचा वास याच्या ढुंगणाला कसा?"

मी सगळं सांगितलं. सांगताना माझंच मला ऐकवेना. मला वाटलं ती ओरडेल. पण ती गोठ्याच्या पायरीवर बसली, बटणाला पदरात घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "एक गेलं होतं तिचं. एकच उरलं होतं." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरांच्या डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. डाग बघून त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

"आमच्याकडे एक कलावंत आहेत," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आधी गाढवाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"शेळी डोळ्यांनी आई नसते हो, नाकानं असते," त्या म्हणाल्या. "तिच्या दृष्टीनं तुम्ही तिचं पोर आत नेलं आणि दुसऱ्याच कुणाचं तरी बाहेर आणून सोडलं. आता हे केस आधी कापा. तिचंच दूध काढून त्याच्या अंगाला चोळा. दिवसातून चार वेळा तिला धरून पाजा. घेतलं तर घेतलं. आणि साहेब, तुम्ही गोठ्यापासून लांब राहा. वासाचं उगमस्थान तुम्हीच आहात."

बायकोनं कात्री आणली. पाच तासांचं माझं काम दोन मिनिटांत जमिनीवर पडलं. चित्रात डाग होता, करडावर आता तो नव्हता. त्या जागी उघडी गुलाबी कातडी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातांचे डॉक्टर आले. मी रात्रीच त्या डागाबद्दलचं स्पष्टीकरण पाठ केलं होतं. ते चित्रापुढे खूप वेळ उभे राहिले.

"सुंदर," ते म्हणाले.

"तो डाग आहे ना, त्याचं असं आहे की..."

"कुठला डाग?" त्यांनी वाकून पाहिलं. "हा? मला वाटलं सावली आहे."

मी खाली बसलो.

"चला, त्या मायलेकरांना भेटून येतो," असं म्हणत ते गोठ्याकडे निघाले. त्यांना थांबवायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. गोठ्यात बायकोनं हेडबाईची मान काखेत घट्ट धरली होती आणि बटण दूध पीत होतं. हेडबाई भिंतीकडे बघत होती. बायकोनं पकड सैल केली मात्र, तिनं पाय झाडून त्याला बाजूला सारलं. डॉक्टर कुंपणाशी पूर्वीच्याच जागी उभे होते.

"चित्रात ती त्याला चाटतेय," ते म्हणाले.

"हो."

"मग ते खोटं आहे हो."

ते रागानं नाही म्हणाले. दात काढावा लागेल हे सांगताना ते ज्या आवाजात बोलत असतील, तसं म्हणाले. चित्र न घेता गेले. जाताना अंडी मात्र घेतली.

पुढचे पंधरा दिवस बायकोनं दिवसातून चार वेळा हेडबाईला धरलं. तिचे दंड काळेनिळे झाले. मी कुंपणाच्या बाहेरून बघायचो. (मला आत प्रवेश नव्हता. बदकंसुद्धा आत जात होती.) कापलेल्या जागी पांढरे केस पुन्हा उगवले. बटणाला आता कसलाही वास नव्हता. पण हेडबाईच्या मनातून ते एकदा उतरलं ते उतरलंच. रोज संध्याकाळी ती चाऱ्याच्या खोलीच्या दारापुढे येऊन ओरडायची. तिचं करडू त्या दारातून आत गेलं होतं, म्हणून ती ते तिथेच मागत होती. आणि ते तिच्या मागे चार पावलांवर उभं असायचं, ढुशी बसणार नाही इतक्या अंतरावर. मला ते बघवत नसे. मी आजवर पुष्कळ चित्रं बिघडवली, पण त्यातलं कुठलंच असं दाराशी येऊन उभं राहिलं नाही.

सोळाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बस झालं. आता बाटलीवर वाढवा."

बायकोनं बाटली माझ्या हातात दिली. "हे तुमचं काम," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून बायको हेडबाईचं दूध काढते, बाटलीत भरते आणि मी ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बटणाला पाजतो. आईचं दूध लेकरापर्यंत पोचायला मध्ये वीस पावलं आणि एक मूर्ख माणूस लागतो. बटण पिताना डोळे मिटतं आणि शेपटी हलवतं. त्याची माझ्याबद्दल काही तक्रार नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

कलपाची डबी मी फेकून दिली. तो वास मलाच सहन होईना. महिन्याभरात डोकं पांढरं झालं.

मग एक दिवस मी जुनं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि नवं घेतलं. आरसा समोर ठेवून जे आहे ते काढलं. अंगणात खाली बसलेला पांढऱ्या केसांचा माणूस, मांडीवर करडू, हातात बाटली आणि मागे, लांब, दाराकडे तोंड करून उभी असलेली शेळी. कॉम्पोझिशनकडे पाहिलं नाही. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र आठ दिवस काम केलं. मला बायकोला जे सांगता आलं नव्हतं, हेडबाईला तर सांगायची सोयच नव्हती, ते सगळं मी त्या डोळ्यांत आणि ओठांच्या कोपऱ्यांत ओतलं. बायको चहा घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली. चहा पार निवला.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती माझ्या शेजारी बसली.

दातांच्या डॉक्टरांनी ते चित्र बघितलं आणि उचलून गाडीत ठेवलं.

गेल्या आठवड्यात बायकोची दाढ दाखवायला आम्ही त्यांच्या दवाखान्यात गेलो. चित्र बाहेरच्या खोलीत, बाकासमोरच लावलेलं होतं. मी शेजारच्या कोपऱ्यात मासिक उघडून बसलो. (चित्रकार मासिक वाचत नाही, लोक चित्राकडे बघतात का ते बघतो.) समोर सहा-सात वर्षांची एक मुलगी आईला बिलगून मुसमुसत होती. गाल सुजलेला. रडता रडता तिची नजर चित्रावर गेली आणि ती थांबली. उठून चित्रापाशी गेली. शेळीकडे पाहिलं नाही, करडाकडेही पाहिलं नाही. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे ती टक लावून बघत राहिली आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले. बायकोचा हात मी घट्ट धरला. एवढ्याशा जिवाला कळलं होतं! मी न बोललेलं सगळं तिच्यापर्यंत पोचलं होतं.

मुलगी आईकडे पळत आली आणि तिचा हात ओढत म्हणाली, "आई, त्या आजोबांची तर माझ्यापेक्षा जास्त दाढ दुखतेय!"

आईनं चित्राकडे नीट निरखून पाहिलं.

"बघ," ती म्हणाली, "म्हणून सांगत असते, दात घासल्याशिवाय झोपू नये."