परातीतला उजेड

आमच्या वरच्या मजल्यावरचे खांबेटे घरात आले की खुर्चीवर बसत नाहीत. सरळ स्वयंपाकघरात जातात, मांडणीवरचं एखादं भांडं उचलतात आणि आत काय आहे ते न बघता खिडकीकडे तिरकं धरून भिंतीवर कवडसा पाडतात. एकदा असं तिरकं धरलेलं पातेलं दुधाचं होतं. दूध ओट्यावरून खाली ओघळलं. खांबेटे म्हणाले, "वहिनी, याचा उजेड थंड आहे. नळांना चालेल." आणि पातेलं घेऊन चालते झाले. मी अर्धी दाढी तशीच टाकून दारापर्यंत धावलो, तर जिन्यातून त्यांचं नेहमीचं वाक्य ऐकू आलं, "दोन मिनिटं, देवधर, फक्त दोन मिनिटं." ती दोन मिनिटं पुढे कित्येक महिने चालली.

हा गृहस्थ मुळात सरकारी छायाचित्रकार. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही शेजारी होतो, आणि मयूर विहारच्या सोसायटीत फ्लॅटही एकाच जिन्यात निघाले, हे माझं नशीब. नोकरीभर त्यांनी फिती कापणारे हात टिपले. ते निवृत्त झाले आणि तिकडे बाजार खुला झाला. नोएडात जिकडेतिकडे छोटे कारखाने उघडले. कुणाला नळ विकायचे होते, कुणाला मिक्सर, कुणाला लोणचं. प्रत्येकाला परदेशी वाटेल असा रंगीत कॅटलॉग हवा होता, तोही स्वस्तात. साउथ दिल्लीतल्या स्टुडिओंचे दर ऐकून पळालेली ही मंडळी मग आमच्या जिन्याने वर चढायची, आणि त्यांच्या मारुती माझ्या स्कूटरच्या जागेत उभ्या राहायच्या.

खांबेट्यांकडे कॅमेरा एक, आणि लग्नाच्या व्हिडिओवाल्याने टाकून दिलेले दिवे दोन. बाकी स्टुडिओ म्हणजे आमचं घर. "उजेड विकत घ्यायचा नसतो, वळवायचा असतो," असं ते ठासून सांगतात. वळवायचा कशाने, तर दुसऱ्याच्या भांड्यांनी. स्टीलचा उजेड नळांना आणि मिक्सरला, पितळेचा खाण्याच्या वस्तूंना. आमच्या मखराचा थर्मोकोल त्यांनी विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी नेला आणि त्यावर शाम्पूची बाटली बसवली. जिथे आदल्या दिवशी गणपती होता, तिथे शाम्पू. माझं पूजेचं पांढरं धोतर मला कपाटात सापडेना. ते सापडलं एका छापील कॅटलॉगात, प्रेशर कुकरच्या मागे, पडदा म्हणून. मुलीचे ट्रेसिंग पेपर दिव्यांपुढे लागले आणि तिने भूगोलाचे नकाशे अंदाजाने काढले. मी जाब विचारला तर म्हणाले, "अहो, पण कुकर बघा ना कसा दिसतोय." कुकर खरोखरच सुंदर दिसत होता, त्यामुळे माझा संताप दुप्पट झाला.

त्यांच्या घरातल्या खाण्याचं तर नावच काढू नका. लाडवाला शिलाई मशीनचं तेल चोळतात. पापड टाचण्यांवर उभा करतात. चहाच्या कपामागे उदबत्ती लावून वाफ दाखवतात. फोटोत बर्फ दाखवायचा असला की साखरेत जाडं मीठ मिसळतात, म्हणजे म्हणे चकाकी येते. नोएडाचे मिठाईवाले गुलाटीजी एकदा न विचारता तिथला लाडू खाऊन बसले.

"खांबेटे साहब, ये क्या है?"

"गुलाटीजी, ये देखने का है. खाने का आपकी फैक्टरी में है."

गुलाटीजी तरीही पुढचं काम त्यांनाच देतात. अशा माणसापुढे आपण काय बोलणार.

मालतीवहिनी, म्हणजे खांबेट्यांच्या पत्नी, होत्या तोवर या लुटालुटीला काही रीतभात होती. सकाळी खांबेट्यांनी नेलेलं भांडं संध्याकाळी वहिनी स्वतः परत आणून द्यायच्या, आणि ते कधी रिकामं नसायचं. वाटीत लाडू, डब्यात चिवडा, घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. वहिनी गेल्या आणि भांडी वर जायची तेवढी राहिली, खाली यायची थांबली. बायको गेली म्हणून माणसाने शेजाऱ्यांची भांडी गिळावीत काय? मी पुष्कळ दिवस गप्प बसलो. पण मग त्यांनी माझ्या बायकोच्या, शैलाच्या माहेरची पितळी परात नेली, गुलाटीजींच्या बेसनाच्या लाडवांना सोनेरी उजेड हवा म्हणून. होळी उद्यावर आली तरी परातीचा पत्ता नाही. शैला शांतपणे म्हणाली, "आईच्या परातीशिवाय मी पोळ्यांची कणीक भिजवणार नाही." म्हणजे पुरणपोळी नाही. बिल्कुल नाही. मी ताडताड जिना चढलो.

दार उघडंच होतं. आत टेबलावर सगळ्या जिन्याची भांडी ओळीने मांडलेली, घासून पुसून लख्ख केलेली. आमचं दुधाचं पातेलं होतं, परात होती. खांबेटे गॅसपाशी उभे होते आणि कढईत काहीतरी काळं पडलं होतं.

"शिरा आहे," ते म्हणाले.

"कुठल्या कंपनीचा?"

"कंपनीचा नाही. तुमच्याकडे द्यायला."

"शिरा नको. परात द्या."

"रिकामी?"

"रिकामीच नेली होती ना तुम्ही?"

मी परातीचा काठ धरला. त्यांनी दुसरा काठ धरला आणि सोडेनात. आमच्या वयाला न शोभणारी ओढाओढ झाली.

"मालतीनं कधी कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही, देवधर," ते म्हणाले. "ती गेल्यापासून रोज काहीतरी करून बघतोय. मला लाडू दाखवता येतो हो, करता येत नाही. हे असं रिकामं घेऊन कुणाच्या दारात उभा राहू?"

मला भयंकर राग आला. नक्की कुणाचा, ते कळेना. वर वाईट वाटायला लागलं, याचाही राग आला.

"मग साखर घाला चिमूटभर," मी ओरडलो. "वहिनी घालायच्या तशी. आणि तुम्ही आणून द्या. मी नाही नेणार."

त्यांनी डबा काढला, परातीत मधोमध साखर ठेवली आणि दोन्ही हातांनी परात धरून माझ्यामागून खाली आले. शैलाने दारातच ती साखर उचलून तोंडात टाकली. त्या डब्यात मीठही असतं हे मला तेव्हा आठवलं, पण फार उशीर झाला होता. शैलाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"गोड आहे हो, भाऊजी," ती म्हणाली. मग आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायली.

होळीनंतर खांबेटे पुन्हा परात मागायला आले. शैलाने तीत दोन पुरणपोळ्या आणि तुपाची वाटी ठेवली. म्हणाली, "भांडं देतानाही रिकामं द्यायचं नसतं, भाऊजी." असा काही नियम नाही. देवधरांच्या घरात नाही, तिच्या माहेरी तर नाहीच. पण तो आता आमच्या जिन्यात लागू झाला आहे, आणि परात रोज काही ना काही घेऊन वर जाते. खांबेटे आधी तिला खिडकीपाशी नेतात, पोळीवर उजेड घेतात, फोटो काढतात, आणि तोवर पोळी गार होते.

म्हणून मी रोज संध्याकाळी जिना चढतो, त्यांच्या दारात उभा राहतो आणि भयंकर संतापून विचारतो, "खाल्लंत का?"