शमुवेलकाकांचं पंचांग

आमच्या चाळीत पंचांग बघितल्याशिवाय चहा तोंडाला न लावणारा माणूस एकच होता, आणि तो ख्रिस्ती होता.

शमुवेलकाका आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मिलमध्ये साचेखात्यात, मागांवर कामाला होते. अंगाने उंच आणि वाळलेले, डोक्याला काळी टोपी, काखेत शास्त्र. जुना करार आणि नवा करार एकाच पुठ्ठ्यात बांधलेले असले, तरी काकांच्या पुस्तकाची पहिली बाजू काळी पडली होती आणि दुसरी कोरी करकरीत होती. सकाळी उठले की सदरा अडकवून ते समोरच्या शिवलिंगप्पांच्या किराणा दुकानात जायचे. शिवलिंगप्पा कपाळाला भस्म लावून गल्ल्याशी बसलेले असायचे.

"शेट, आज काय?"

"वद्य पंचमी, शमुवेलण्णा."

"बरं हाय. अजून टाइम हाय म्हणायचा."

मग ते चहा प्यायचे.

त्याचं कारण असं. काकांचं म्हणणं होतं की जे सण परमेश्वराने जुन्या करारात मोशेला नेमून दिले, ते ख्रिस्ती लोकांनी पाळलेच पाहिजेत. आपला प्रभू स्वतः ते पाळत होता, मग आपण कोण मोठे लागून गेलो? हे सगळे सण चंद्रावर चालतात. पण यहुदी लोकांचं पंचांग सोलापुरात कुठे मिळणार? काकांनी बराच विचार केला आणि ठरवलं की पहिला महिना म्हणजे चैत्र. तिथून पुढे मोजत गेलं की सगळं जमतं. "चंद्र काय पंचांगवाल्यानं केला न्हाय," ते म्हणायचे. "परमेश्वरानं केलाय. ह्यांनी नुसता मोजलाय."

मी चौथीपर्यंत शिकलेली. शास्त्राचा अर्थ कुणाचा बरोबर, ते मी सांगू शकत नाही. पण काकांच्या मोजणीने आमच्या चाळीत काय काय झालं, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे.

सातव्या महिन्याची दहावी तिथी हा प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी कडक उपास करायचा आणि पापं आठवून दुःख करायचं. सातवा महिना अश्विन, आणि अश्विनातली दहावी म्हणजे दसरा. त्यामुळे सगळी चाळ नवे कपडे घालून फिरत असायची आणि काका दाराशी पोत्यावर मान खाली घालून बसलेले असायचे. येणारा जाणारा त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवायचा. "काका, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." काका ती पानं घ्यायचे आणि मोठा उसासा सोडायचे. एका नव्या बिऱ्हाडाच्या बाईने मला हळूच विचारलं, "त्यांच्यात कोण गेलं हो?"

त्याच पौर्णिमेपासून मांडवांचा सण. सात दिवस झाडाच्या फांद्यांच्या मांडवात राहायचं. काका गच्चीवर बांबू रोवून कडुनिंबाच्या डहाळ्यांनी छप्पर करायचे. ती पौर्णिमा कोजागिरीची निघायची. लोकांना वाटायचं काकांनी कोजागिरीसाठी मांडव घातला, म्हणून वरच्या मजल्यावरची मंडळी दुधाचं पातेलं घेऊन त्यातच येऊन बसायची. काका त्यांना मिसर देशातून मोशेच्या लोकांची सुटका कशी झाली ते सांगायचे. लोक दूध संपेपर्यंत मन लावून ऐकायचे.

अश्विनाच्या पहिल्या तिथीला कर्णा फुंकायचा असतो. मेंढ्याचं शिंग हवं. काकांनी खाटकाकडून बोकडाचं आणलं आणि साफ करायला पातेल्यात उकळत ठेवलं. दोन दिवस आमच्या ओळीत कुणाला जेवण गेलं नाही. फुंकायची वेळ आली तेव्हा शिंगातून नुसता वारा आला. काकांनी गाल फुगवले, डोळे लाल केले, पुन्हा वारा. तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. काकांनी शिंग खाली ठेवलं आणि हात जोडले. "झालं. त्यानं आपली सोय आधीच करून ठिवली होती." त्या वर्षापासून त्यांनी कर्ण्याचं काम मिलवर सोपवलं.

चैत्रात वल्हांडण, म्हणजे मिसरातून सुटल्याचा सण. त्या सुमाराला घरातून खमीर, म्हणजे आंबवलेलं सगळं, काढून टाकायचं असतं. भाकरीची अडचण नव्हती. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे काकांना मोशेपेक्षाही पूर्वीचं वाटायचं. अडचण विरजणाची झाली. दही हे खमीर की नाही? दोन दिवस विचार करून त्यांनी दह्याचं गाडगं आमच्या घरी आणून ठेवलं. "सूनबाई, आठ दिस सांभाळा. आमच्या उंबऱ्याच्या आत नको." आम्ही सांभाळलं म्हणजे खाल्लं. आठवड्याने ते गाडगं न्यायला आले, तेव्हा आमच्या ह्यांनी तोंड पुसत सांगितलं, "काका, खमीर पार नाहीसं केलं बघा."

चर्चमध्ये मात्र हे हसण्यावारी गेलं नाही. काका शनिवारी शब्बाथ पाळायचे, म्हणून मिलमधल्या एका सोबत्याशी त्यांनी सुट्टी बदलून घेतली होती. मग रविवारी सगळे उपासनेला आणि काका साच्यावर. नाताळला आम्हा ख्रिस्ती बिऱ्हाडांच्या दारांवर तारे लागायचे, आणि काका रोजच्या कपड्यात नळावर बादली भरत म्हणायचे, "ही तारीख कुटं लिवलीय, दाखवा मला."

चर्चचे पाळकसाहेब शांत माणूस होते, पण एकदा ते चाळीत येऊन काकांच्या खाटेवर बसलेच.

"शमुवेलराव, घर बांधताना परांची बांधतात. घर उभं राहिलं की परांची काढतात. हे सण म्हणजे परांची होती. आता प्रभू आलाय, घर झालंय."

"लाद्या बसायच्यात की अजून, साहेब."

"आपल्या आजोबा-पणजोबांनी पंचांग सोडलं म्हणून आपण ख्रिस्ती. आणि तुम्ही रोज सकाळी पंचांग विचारायला जाता."

"त्यांनी देव सोडलं, साहेब. चंद्र कुटं सोडला?"

पाळकसाहेब चहा न घेता गेले. चहा लीलाने केला होता. लीला काकांची एकुलती एक मुलगी. ती शाळेत होती तेव्हाच तिची आई गेली. तेव्हापासून घर तिच्याच हातात होतं. काकांचे सणही खरं म्हणजे तीच करायची. डहाळ्या ती बांधायची, भांडी ती घासायची, उपासाच्या दिवशी काकांना चक्कर आली की मिठाचं पाणी तीच पाजायची.

लीलाचं लग्न माढ्याला ठरलं होतं. मुलगा तिथे दवाखान्यात कंपाउंडर होता. गाण्याच्या एका मेळाव्यात दोघांची ओळख झाली आणि त्याच्या वडिलांनी येऊन रीतसर मागणी घातली. वडील शाळेतून निवृत्त झालेले, घड्याळाप्रमाणे चालणारे गृहस्थ. आम्ही त्यांना माढ्याचे मास्तर म्हणत असू. लीला पंचविशीच्या पुढे गेली होती आणि स्थळ चांगलं होतं. साखरपुड्याला काका सर्वांना पेढे वाटत फिरले.

मग तारखेची गोष्ट निघाली.

मास्तरांनी ईस्टर झाल्याबरोबरचा सोमवार सुचवला. काका म्हणाले, वल्हांडणानंतर सात आठवडे मोजायचे असतात, त्यात लग्न नको. सात आठवडे झाले. काका म्हणाले, आता सप्ताहांचा सण, तो होऊ दे. तो झाला. तोवर आषाढ आला. आषाढात यरुशलेमेच्या तटाला खिंडार पडलं होतं, म्हणून शोक. श्रावणात तिथलं मंदिर जळालं होतं, म्हणून आणखी शोक. पाळकसाहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, हे तर सणसुद्धा नाहीत."

नवे उपास काकांनी कुठून शोधून काढले ते कळेना. पूर्वी वर्षाला त्यांचे मोजके सण असायचे. साखरपुड्यानंतर महिन्याला दोन-तीन होऊ लागले. अमावास्या सरली की नवचंद्राचा दिवसही ते पाळू लागले. शिवलिंगप्पा म्हणाले, "शमुवेलण्णा, आता माझ्या पंचांगात जागा न्हाई रे बाबा."

एकदा नळावर आम्ही सगळ्या असताना लीलाने घागर आपटून ठेवली. काका ओट्यावर शास्त्राची पानं उलटत बसले होते.

"बाबा, मोशेला मुली किती होत्या?"

काकांनी थोडं आठवलं. "पोरंच हुती. पोरगी काय वाचनात न्हाय."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि घागर उचलून गेली.

श्रावण संपत आला, तेव्हा मास्तर स्वतःच छत्री घेऊन सकाळच्या गाडीने आले. बरोबर पाळकसाहेब होते. चाळीत येताना त्यांनी समोरून शिवलिंगप्पांनाही पंचांगासकट बोलावून घेतलं. काकांच्या खोलीत खाटेवर तिघे आणि खाली चटईवर काका असे बसले. लीलाला मदत म्हणून मी आत चुलीपाशी होते. मधे फक्त एक पडदा होता.

मास्तरांनी आधीच सांगितलं, "आज तारीख ठरली तर ठीक. नाही ठरली, तर आम्ही दुसरीकडे बघू. मुलाला मी समजावीन."

लीलाने हातातलं फडकं घट्ट धरलं.

"शिवलिंगप्पा," मास्तर म्हणाले, "पुढचा महिना कोणता?"

"अधिक भादरपद."

"त्यात सण कोणते?"

"अधिक महिना तो. त्यात कसला सण? आमच्यात मुंजी न्हाईत, लग्न न्हाईत, काय न्हाई. नुस्ता रिकामा महिना."

"म्हणजे बँड रिकामा, आचारी रिकामा," मास्तर म्हणाले. "शमुवेलराव, तुमचे सगळे सण नेमलेल्या महिन्यात. हा महिना मोजणीतच नाही. मग यात अडचण काय?"

काकांनी पंचांग मागून घेतलं. एक पान उलटलं, दोन उलटली, परत मागे आले.

"शनवार..."

"सोमवार धरलाय."

"दिस मावळला की दुसरा दिवस लागतो..."

"सकाळी दहाला. जेवणं दुपारी. सूर्य डोक्यावर असताना मुलगी गाडीत बसेल."

बाहेरून पंचांगाच्या पानांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"तिला गार पाणी सोसत न्हाय," काका म्हणाले. "लगेच डोकं धरतं. तुमच्यात बंब हाय का?"

मास्तरांना क्षणभर कळलंच नाही. "बंब? नाही. चुलीवर तापवतो."

"माजा हाय त्यो न्या. मला एकट्याला काय करायचाय." काका थांबले. "आन् भूक लागली तर ती सांगायची न्हाय. शेवटाला बसती. पातेल्यात काय उरलं न्हाय तर पाणी पिऊन उठती. तेवढं कुणीतरी बघत जावा."

"बघू," मास्तर म्हणाले.

"तुमचा मुलगा एकटा, सून एकटी. नाताळला, ईस्टरला ती तुमच्याकडंच पायजे. चर्चमधी लोक विचारत्यात, घरात पाव्हणे असत्यात. त्यात मी वाटा मागणार न्हाय. दिवाळी आपली नव्हं." काकांचा आवाज इतका खाली गेला की मी पडद्याजवळ सरकले. "पर माजं सण तुमच्यात कोण करत न्हाय, मास्तर. त्या दिवसांवर कुणाचाच हक्क न्हाय. तर त्या सणांना तिला माहेराला धाडता का, एवढंच इचारायचं होतं. लई दिसांपासनं."

मास्तरांनी छत्री एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली.

"असे किती सण आहेत?"

"चैत्रात एक आठवडा. जेठात दोन दिवस. अश्विनात पहिल्या तिथीपासनं..."

"कधीपर्यंत?"

"वद्य सप्तमीपतोर. मदी उगं येऊन-जाऊन कशाला गाडीभाडं..."

"म्हणजे सगळा अश्विनच."

"आषाढ-श्रावणातलं शोकाचं दिवस मी सोडतो," काका घाईने म्हणाले. "नवचंद्रबी सोडतो. त्यातलं काय तेवढं खरं न्हाय."

मास्तर शिस्तीचा माणूस, त्यांना कुणाचं तरी रीतसर बोलणं हवं होतं. ते पाळकसाहेबांकडे वळले. "साहेब, तुम्हीच सांगा. हे सण ख्रिस्ती माणसाने पाळायचे की नाही?"

या प्रश्नावर पाळकसाहेब इतकी वर्षं भांडत आले होते. दोन उपदेशही त्यांनी यावर केले होते, आणि दोन्ही वेळा काका साच्यावर असल्यामुळे ते ऐकायचे राहून गेले होते. त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला.

"पाळलेच पाहिजेत असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण मुलीनं अश्विनात माहेरी जाऊ नये, असं नव्या करारात तरी कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही."

आणि त्यांनी काकांच्या हातातलं पंचांग घेतलं, बोट ओलं केलं आणि अश्विनाचं पान शोधू लागले. त्यांना ते सापडेना. शिवलिंगप्पांनी वाकून दाखवलं.

काकांनी आत हाक मारली, "लीला, मास्तरांना चहा आण गं."

चहा मीच नेला. लीला भिंतीकडे तोंड करून उभी होती.