कोणीच न खेळलेला खेळ

एका जंगलात, बाळांनो, वीज होती. कुठून यायची ते विचारू नका. गोष्टीत वीज असते आणि ती जातही नाही, म्हणून तर तिला गोष्ट म्हणतात.

त्या जंगलातले कावळे शहरातल्या भंगारातून टीव्ही, कंट्रोलर आणि खेळांच्या तबकड्या उचलून आणत. त्यामुळे झालं काय, की सशांनी शर्यती लावायचं सोडलं आणि ते बिळात बसून खेळू लागले. वाघसुद्धा खेळू लागला. पडद्यावर हरला की तो दोन दिवस कोणाशी बोलत नसे. हरणांना तेवढीच उसंत मिळे.

सगळ्यांत लाडके खेळ जपानहून आलेले. लांबच लांब खेळ. चार जणांची टोळी घ्यायची, गावोगाव हिंडायचं आणि शेवटी जग वाचवायचं. त्यात लढाई कशी होते, ठाऊक आहे? शत्रू समोर उभा राहतो. आपण विचार करतो. मग आपण मारतो. मग तो मारतो. तोवर सगळे आपापल्या जागी गप्प उभे. इतकी शिस्त त्या जंगलात पाणवठ्यावरसुद्धा नव्हती.

बहुतेक प्राण्यांना तलवारी, किल्ले आणि राक्षस असलेले खेळ आवडत. ते खेळत, जिंकत आणि झोपी जात. अडाणीच ते.

काही प्राणी मात्र शहाणे होते. त्यांना अवकाशयानं, यंत्रमानव आणि थंड पडलेले सूर्य असलेले खेळ लागत. त्यातही, बाकी कोणाला ठाऊक नसलेले. या शहाण्यांनी तळ्याकाठी एक मंडळ काढलं होतं. नाव, 'उपेक्षित अवकाश-खेळ मंडळ'. दर बुधवारी दुपारी सभा भरे. चांगल्या खेळांवर जगात किती अन्याय होतो, याबद्दल सभासद हळहळत आणि मग शेंगा खात.

मंडळाचा चिटणीस होता वामनराव बगळा. तो एका पायावर उभा राहून डोळे मिटून ऐके. अध्यक्ष होते आप्पासाहेब तरस. तरस असूनही ते हसत नसत, पदाला शोभत नाही म्हणून. अध्यक्षांना बसायला एक काळा सपाट दगड होता. वर्षातून एकदा जो सर्वांत उपेक्षित खेळ शोधून आणील, त्याला तो दगड मिळे.

सगळ्यांत मागे चिखलात रंगनाथ नावाचं एक साळिंदर बसे. सहा वर्षं तो तिथेच बसत होता. काट्यांमुळे शेजारी कोणी बसत नसे, आणि पुढे कोणी बोलवत नसे. त्या काळ्या दगडावर एकदा तरी बसावं, एवढी एकच इच्छा त्याने उराशी धरली होती.

पहिल्या वर्षी तो मोठ्या उत्साहाने उठला होता. "सभासदहो, मी एक खेळ शोधला आहे. त्यात मंगळावर..."

"अहो, तो तर सगळ्यांनाच माहीत आहे," वामनराव डोळे न उघडता म्हणाला.

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"मला आणि पाणकोंबडीला."

"बाद!" सभा ओरडली.

तिथला रिवाजच होता तसा. कोणी 'माहीत आहे' म्हणालं की खेळ बाद. रंगनाथने दर वर्षी नवा खेळ आणावा आणि दर वर्षी कोणाच्या तरी मेहुण्याने तो खेळलेला निघावा. बरं, नियमही घट्ट होत चालले होते. सुरुवातीला दहा जणांनी खेळलेला चाले. मग तिघांनी. पुढे ते एकावर आलं.

असं करता करता सातवं वर्ष उजाडलं. एका कावळ्याने रंगनाथच्या दारात एक तबकडी टाकली. तिच्यावर चित्र नव्हतं, कंपनीचं नाव नव्हतं. नुसतं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सातव्या चंद्राचं जहाज'.

रंगनाथने ती लावली. ग्राफिक्स यथातथाच होतं. खडक आणि माणसं सारखीच दिसत. पण गोष्ट अशी होती, की एका ग्रहाचा सूर्य विझत चाललेला असतो. चार जण एक जुनं जहाज घेऊन नवा सूर्य शोधायला निघतात. त्यांच्याबरोबर यंत्रमानव असतो, नऊ नंबरचा आचारी. चौघांचा स्वयंपाक कर, एवढाच त्याला हुकूम. प्रवास फार लांबचा. चौघं म्हातारी होतात. एकेक जण जातो. आचारी मात्र रोज चार ताटं वाढतो.

रंगनाथची बायको सुभद्रा शेजारी बसून पाहत होती. तिला खेळांचं वेड नव्हतं. ती आपली कंद सोलायला तिथे बसे. पण चौथ्या दिवशी कंद सोलायचे राहिले.

"अहो, तिघं गेली ना? मग हा चार ताटं का मांडतोय?" तिने विचारलं.

"त्याला तसा हुकूम आहे."

"मग कोणी तरी त्याला सांगा की."

"सांगता येत नाही. तशी सोय नाही खेळात."

सुभद्राने डोळे पुसले. "रानकांदा झोंबला मेला," ती म्हणाली. त्या दिवशी घरात रानकांदा नव्हता.

साठ तास खेळल्यावर जहाज नव्या सूर्यापाशी पोचलं. तोवर चौथाही गेला होता. आचाऱ्याने जहाजाचं दार उघडलं. बाहेर ऊन होतं. हातात वाढायचा डाव घेऊन तो दारात उभा राहिला, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'पुढची हकिकत दुसऱ्या भागात.'

रंगनाथ आयुष्यभर खेळ खेळत आला होता, पण असं त्याला कधी झालं नव्हतं. पुढे काय होतं हे कळल्याशिवाय आता चैन पडणार नाही, हे त्याला तिथेच कळलं.

"दुसरा भाग आणा हं," सुभद्रा म्हणाली.

पण दुसरा भाग कुठल्याच कावळ्याकडे नव्हता.

वार्षिक निवडीचा बुधवार आला. रंगनाथने पिंपळाच्या सात पानांवर भाषण लिहून नेलं. त्यातली पाच पानं आचाऱ्याबद्दल होती. आज दगड मिळणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. हा खेळ जंगलात त्याच्याशिवाय कोणी खेळलंच नव्हतं.

सभा सुरू होताच वामनरावाने एक ठराव मांडला.

"खेळ मांडणाऱ्यानेही तो खेळलेला नसावा," तो म्हणाला. "उपेक्षा म्हटली की ती पुरती हवी. एकाने जरी खेळला, तर ती लोकप्रियतेची सुरुवात झाली."

"वा!" आप्पासाहेब म्हणाले. ठराव एकमताने पास झाला.

रंगनाथने हातातल्या पानांकडे पाहिलं. त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला. समोर काळा दगड उन्हात चकाकत होता. त्याने पानं हळूच पाठीमागे काट्यांत खोचली.

"खेळाचं नाव, सातव्या चंद्राचं जहाज," तो म्हणाला.

पाणकोंबडीने नकारार्थी मान हलवली. तिच्या मेहुण्यालाही माहीत नव्हता.

"तुम्ही खेळलात?" वामनरावाने एक डोळा उघडून विचारलं.

"छे!"

"मग तो उत्तम आहे हे कशावरून?"

रंगनाथने एकदा दगडाकडे पाहिलं. "उत्तम आहे म्हणूनच तर कोणी खेळलेलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका शुद्ध विचार मंडळात याआधी कोणी मांडला नव्हता. आप्पासाहेब दगडावरून उतरले आणि रंगनाथ वर चढला. दगड फार तापलेला होता. पण पद म्हटलं की एवढं सोसावंच लागतं.

घरी आल्यावर त्याने तबकडी बिळाच्या तळाशी मातीत पुरली. सुभद्रा पाहत राहिली.

"हे काय?" ती म्हणाली.

"मी खेळलेलो नाही तो. लक्षात ठेव."

"आणि मी रडले ती?"

"रानकांदा," रंगनाथ म्हणाला.

पुढे थंडी पडली आणि तळ्यावर दूरदूरचे पाहुणे पक्षी उतरले. त्यांत एक म्हातारी सारस पक्षीण होती. डोक्यावर लाल टिळा, पंख जागोजागी झडलेले. ती जपानहून आली होती. नाव तोमोएबाई. ती कशी बोलली, असं विचाराल, तर गोष्टीत सगळ्यांना सगळ्यांची भाषा येते.

"मी एक खेळ केला होता," ती वामनरावाला म्हणाली. "सातव्या चंद्राचं जहाज. तुम्हाला माहीत नसेल."

वामनरावाचा दुसरा पायही खाली आला. साक्षात उपेक्षित! त्याने लगेच सत्काराची सभा बोलावली. शाल आणली, नारळ आणला, मानपत्र लिहिलं. त्यात 'अंधारात' हा शब्द अकरा वेळा आला होता. सगळं जंगल लोटलं. सुभद्राही मागच्या बाजूला बायकांत येऊन बसली. रंगनाथ दगडावर बसला होता आणि त्याला घाम फुटला होता.

तोमोएबाईंच्या खांद्यावर शाल घातली गेली. ती खालपर्यंत वाकली. मग म्हणाली, "मला जास्त बोलता येत नाही. खेळ आम्ही दोघांनी केला. चित्रं माझ्या नवऱ्याने काढली, गोष्ट मी लिहिली. अकरा वर्षं लागली. खेळ बाजारात आला त्याच वर्षी तो गेला. मी अजून घरट्यात दोघांचे मासे आणते. सवय आहे."

रंगनाथच्या पाठीवरचे काटे एकेक करून उभे राहिले. चार ताटं कुठून आली, ते त्याला आत्ता कळलं. दगडावरून उडी मारावी, बाईंच्या पायाशी जावं, असं त्याला वाटलं. ती पाच पानं घरी होती. सगळी पाठ होती.

"दुसरा भाग मी अर्धा केला आहे," तोमोएबाई म्हणाली. "पण तो कोणासाठी करायचा, ते कळेना. म्हणून मी हिंडते. चौदा जंगलं झाली. एकाने जरी पहिला शेवटपर्यंत खेळला असेल, तरी मी परत जाऊन काम पुरं करीन. नसेल, तर आता माझे पंख थकले आहेत. तुमच्याकडे कोणी खेळलं आहे का?"

सभा अध्यक्षांकडे पाहू लागली. अध्यक्ष उभे राहिले.

"बाई," रंगनाथ म्हणाला, "मंडळाच्या वतीने सांगायला मला अभिमान वाटतो, की या जंगलात आपला खेळ कोणीही खेळलेलं नाही!"

टाळ्या पडल्या. शेंगांची टोपली फिरू लागली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी पाहिलाय तो."

सुभद्रा उभी होती. तोमोएबाईंची मान गर्रकन वळली.

"आचारी डाव घेऊन दारात उभा राहतो," सुभद्रा म्हणाली. "बाहेर ऊन असतं. बाई, पुढे काय होतं हो त्याचं?"

म्हातारी पक्षीण दोन पावलं तिच्याकडे आली.

"थांबा," वामनराव म्हणाला. "पाहणं म्हणजे खेळणं नव्हे. पाहिलंत, तर खेळत कोण होतं?"

सुभद्राने नवऱ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. तोमोएबाईही पाहत होती. तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती, की रंगनाथला मान खाली घालावी लागली. खाली काळा दगड होता. सहा वर्षांचा चिखल त्याला आठवला.

"आमच्या घरात असला खेळ नाही," तो म्हणाला. "हिला स्वप्नं पडतात."

सभा हसली. एकटे आप्पासाहेब हसले नाहीत. सुभद्रा खाली बसली नाही. ती उभीच राहिली आणि हा कोण प्राणी आहे, अशा नजरेने नवऱ्याकडे पाहू लागली.

तोमोएबाई पुन्हा खालपर्यंत वाकली. "आभारी आहे," ती म्हणाली. शाल घडी करून तिने दगडापाशी ठेवली. उडताना जड होते म्हणाली. मग ती उडाली. सुभद्रा तळ्याच्या काठाने तिच्यामागे धावली, हाका मारत गेली. पण साळिंदर धावून धावून किती धावणार? पक्षीण उंच गेली होती आणि वारा उलटा होता.

इकडे सभेत वामनराव पुन्हा उठला. त्याचा आवाज भरून आला होता.

"सभासदहो, दुसरा भाग आता होणार नाही. म्हणजे असा एक खेळ, जो कोणी खेळलेला नाही, पाहिलेला नाही, आणि जिने करायचा तिनेही केलेला नाही! याहून उपेक्षित खेळ कधी सापडेल का?"

सभेचे डोळे पाणावले. दुसरा भाग सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ खेळ म्हणून एकमताने जाहीर झाला. तो शोधून काढल्याबद्दल रंगनाथला तहहयात अध्यक्ष करण्यात आलं. उरलेली शाल त्यालाच पांघरली. नारळ सभासदांनी फोडून खाल्ला.

तिन्हीसांजेला अध्यक्ष घरी आले. शाल काट्यांत अडकून फाटली होती. सुभद्रा पाय धुऊन चुलीपाशी बसली होती.

"झालं ते झालं," रंगनाथ म्हणाला. "पण ऐक ना. तू तिला विचारलंस ना, पुढे काय होतं म्हणून. ती काही म्हणाली का? जाता जाता? एखादा शब्द तरी?"

"तुम्ही कशाला विचारता?" सुभद्रा म्हणाली. "तुम्ही कुठे खेळलाय तो?"

तात्पर्य : बालमित्रांनो, एखादी अप्रतिम कलाकृती हाती लागली, तर ती आपल्याला आवडली हे कोणालाही कळू देऊ नये. जिने ती घडवली, तिला तर मुळीच नाही.